टाकीवरचं नाव

हिरो होंडा नावाची कंपनी आता नाही. डिसेंबर २०१० मध्ये हिरो आणि जपानच्या होंडाने वेगळं व्हायचं जाहीर केलं, होंडाने आपला २६ टक्के हिस्सा हिरोच्या मुंजाल कुटुंबाला विकला, पुढच्या जुलैत कंपनीचं नाव हिरो मोटोकॉर्प झालं आणि ऑगस्ट २०११ मध्ये लंडनला मोठा कार्यक्रम करून लाल-काळं नवीन चिन्ह लोकांना दाखवलं. कागदोपत्री विषय तिथे मिटला. पण बाजाराच्या दिवशी तासगावला नाहीतर विट्याला जाऊन मंडईबाहेर जरा वेळ उभं राहा, दुधाचे कॅन अडकवलेल्या, मागे पेंडीचं पोतं बांधलेल्या, सीट फाटली म्हणून वर नवीन रेक्झिन चढवलेल्या गाड्या दिसतील आणि त्यांच्या टाकीवर अजून हिरो होंडाच. कुठे अर्धं उडालेलं, कुठे ऊन खाऊन पांढरं पडलेलं, कुठे नुसतं 'हिरो' राहिलंय तर कुठे नुसतं 'होंडा'. कंपनी मोडून इतकी वर्षं झाली तरी तिची पाटी माणसं अजून दोन गुडघ्यांत धरून फिरतायत, आणि मला ही गोष्ट मनापासून भारी वाटते.

आमच्या आप्पांची स्प्लेंडर १९९८ ची. आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, बदली होईल त्या गावाला गाडीवर ये-जा, सुट्टीत शेतात, लग्नसराईत पुढे मी आणि मागे आई. ही गाडी आता घरी शेडमध्ये असते, आप्पा अजून रोज चालवतात पण लांब नाही, दूध डेअरी आणि मारुतीचं देऊळ एवढंच. तर तिच्या टाकीवरचा स्टिकर गेला. एकदम नाही गेला, हळूहळू गेला, म्हणजे आधी पेट्रोल भरताना झाकणातून ओघळ यायचा त्या वाटेवर तो फुगला, मग फुगा फुटला, मग पावसाचं पाणी आत शिरलं आणि पापुद्रे निघायला लागले. डाव्या बाजूला वाचता येईल असं काही उरलं नाही. उजवी बाजू बरी होती कारण गाडी शेडमध्ये डाव्या अंगाने उन्हात असते. मग तो काढायचा आणि नवीन लावायचा असं ठरलं, आणि ते काम मी अंगावर घेतलं. तेव्हापासून मला दुसऱ्यांच्या टाक्या बघायची सवय लागलीय ती अजून गेली नाही, सिग्नलला थांबलो की शेजारच्या गाडीच्या पट्ट्यांकडेच नजर जाते.

स्टिकर म्हणजे शोभेची वस्तू, गेला तर गेला, दुसरा लावा, असं बहुतेक लोक म्हणतात. मला हे पटत नाही आणि त्याचं कारण गाडीतच आहे. स्प्लेंडर १९९४ ला आली. इंजिन ९७.२ सीसीचं, आडवं सिलिंडर, आधीच्या सीडी १०० मध्ये होतं तेच, आणि पुढे कितीतरी वर्षं तेच चाललं. बाहेरून पण टाकीचा आकार, सीट, मडगार्ड, सगळं जवळजवळ तसंच. दर थोड्या वर्षांनी बदलायचं काय तर ग्राफिक्स. पट्ट्यांचा कोन बदलायचा, रंग बदलायचा, नावाची अक्षरं थोडी तिरकी व्हायची, आणि ती गाडी शोरूमला 'नवीन मॉडेल' म्हणून उभी राहायची. म्हणून जुन्या गाड्यांचा धंदा करणारे एजंट लांबूनच टाकी बघून गाडी कुठल्या सालची ते सांगतात, इंजिन उघडायची गरज नाही, मग आरसी बघून नुसती खात्री करतात. म्हणजे ज्या गाडीत बाकी काहीच बदललं नाही तिच्यात काळ लिहिलेला असतो तो फक्त त्या स्टिकरवर. तो कंपनीने गाडी खपावी म्हणून लावला होता हे खरंच आहे. पण पंचवीस वर्षांनी ते गाडीचं जन्मसाल होऊन बसतं, आणि जन्मसालात खाडाखोड करू नये असं माझं सरळ मत आहे.

पूर्वी टाकीवर धातूचं मोनोग्राम असायचं, टाकीत त्यासाठी स्क्रूची जागा नाहीतर भोकं असायची. मोनोग्राम काढलं तरी भोकं राहायची, त्यामुळे नाव बदलणं एवढं सोपं नव्हतं. व्हिनाइलचा स्टिकर आला आणि हे सगळं स्वस्त झालं, टाकी बिनभोकाची ठेवायची आणि वर छापील कागदासारखं चिकटवायचं, पुढच्या वर्षी डिझाइन बदलायचं तर साचा बदलायला नको. बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा मात्र चेन्नईत अजूनही माणसं ब्रशने हाताने ओढतात, खाली खुणेची रेघसुद्धा न आखता, आणि ते बघितलं की हात जोडावेसे वाटतात. पण शंभर सीसीच्या गाडीला ते परवडणारं नव्हतं आणि ज्याला आयुष्यात पहिली गाडी घ्यायची होती त्याला ती स्वस्तातच पाहिजे होती, त्यामुळे स्टिकरला नावं ठेवायचं मला काही कारण दिसत नाही.

त्या शंभर सीसीच्या गाड्यांचा काळच वेगळा होता. ऐंशीच्या दशकात सरकारने परदेशी कंपन्यांबरोबर भागीदारीला परवानगी दिली आणि टाक्यांवर जोडनावं यायला लागली. १९८४ ला टीव्हीएसची इंड-सुझुकी, १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आणि त्याच वर्षी एस्कॉर्ट्सकडून यामाहाची आरएक्स १००, मग कावासाकी बजाज. आपल्या पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा, ती स्कूटर होती पण नाव तसंच जोडीचं. आपल्याकडचा कारखाना आणि जपानचं तंत्र, दोघांची नावं शेजारीशेजारी. आणि मग एकेक जोडी सुटत गेली. कायनेटिक आणि होंडा १९९८ ला वेगळे झाले, टीव्हीएस आणि सुझुकी २००१ ला, एस्कॉर्ट्स यामाहामधून बाहेर पडले, आणि पुढे सगळ्यात जास्त चाललेली जोडी हिरो होंडा. आता त्यातल्या बहुतेक कंपन्या एकमेकांच्या समोर उभ्या राहून गाड्या विकतात. पण ज्या वर्षी आप्पांनी गाडी घेतली त्या वर्षी दोघं एकत्र होते, ही गोष्ट झालेली आहे, ती टाकीवर लिहिलेली आहे, आणि नंतर काय झालं त्यावरून ती बदलत नाही.

म्हणून गावातला पेंटर जेव्हा म्हणाला की दादा, आता नवीन हिरोचा स्टिकर मारू, स्प्लेंडर प्लसचा सेट लगेच मिळतो, एकदम आजची गाडी दिसेल, तेव्हा मी नको म्हणालो. त्याचं चूक नव्हतं, तो मिळतं ते सांगत होता, गिऱ्हाईकाला पटकन मोकळं करायचं असतं. पण ती आजची गाडी नाहीये. आरसीवर बनवणाऱ्याचं नाव अजून हिरो होंडा मोटर्स आहे, चेसिसवरचा नंबर त्या वेळचा आहे, आणि टाकीवर तेवढं दुसरंच नाव लावायचं हे मला कसंतरीच वाटलं.

ही गोष्ट फक्त स्प्लेंडरची नाही. राजदूत ३५० घ्या, १९८३ ला एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५० वरून काढलेली, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक. तेव्हा फारशी खपली नाही, पेट्रोल पिते म्हणून लोकांनी नाकं मुरडली, आणि आज तिच्या किमती ऐकून डोळे फिरतात. आता ज्यांच्याकडे आहे त्यातले बरेच जण ती रंगवून घेताना टाकीवर यामाहा लिहितात, राजदूत काढून टाकतात, कारण राजदूत म्हटलं की लोकांना दूधवाल्याची १७५ आठवते. मला याचं खरंच वाईट वाटतं. ती गाडी फरिदाबादची आहे, त्या नावाने ती इथल्या रस्त्यावर आली, त्या नावाने तिने शिव्यापण खाल्ल्या आणि त्याच नावाने लोक तिच्या प्रेमात पडले. येझदीचं तसंच, मैसूरच्या कारखान्यात आधी जावा बनायची, सत्तरच्या दशकात तिचीच येझदी झाली, आणि आता येझदीवर जावाचं मोनोग्राम लावलेल्या गाड्या मी बघितल्यात. बुलेटवाल्यांचं पण. इंग्लंडची मूळ रॉयल एनफिल्ड कंपनी सत्तरच्या सुमाराला बंद पडली, मद्रासचा कारखाना चालू राहिला, आणि मधल्या बऱ्याच वर्षांच्या गाड्यांच्या टाकीवर नुसतं एनफिल्ड असायचं. १९९४ मध्ये आयशरने कंपनी घेतल्यावर रॉयल एनफिल्ड हे नाव रीतसर परत आलं. आता त्या मधल्या काळातली बुलेट कुणी रिस्टोअर करायला दिली की 'रॉयल' आपोआप येऊन चिकटतं, मालकाने सांगितलं नसलं तरी. ज्या माणसांनी त्या अवघड वर्षांत मद्रासला कारखाना चालू ठेवला त्यांचं नाव नुसतं एनफिल्ड होतं की, ते का पुसायचं?

टाकीवर नावच नको, सगळं काढून नुसता काळा नाहीतर ऑलिव्ह रंग मारायचा, असं करणारे आहेत. त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. कोरी टाकी दिसते सुंदर, आकार उठून दिसतो, आणि त्यात कुणाचं नाव खोटं लावलेलं नसतं. फक्त टाकीचा रंग बदलला तर आरटीओत जाऊन आरसीवर तो बदलून घ्यावा लागतो एवढं लक्षात ठेवायचं, स्टिकर काढण्याला तसं काही लागत नाही.

तर काढायचं काम. हे मी सविस्तर लिहितो कारण यात घाई करून चांगल्या टाक्या खराब झालेल्या मी बघितल्यात. पहिली गोष्ट, स्टिकरच्या कडेवरून नख फिरवून बघायचं. नखाला कड लागली आणि थोडं उचलल्यासारखं झालं तर स्टिकर रंगाच्या वर आहे, तो निघेल. कड लागत नाही, नुसता हलका उंचवटा जाणवतो आणि वरून काचेसारखं गुळगुळीत आहे, तर त्याच्यावर लॅकर मारलेलं आहे आणि तो स्टिकर उचकटून कधीच निघणार नाही, त्याला वॉटर पेपरने घासून काढायचं आणि टाकी परत रंगवायची एवढाच मार्ग. आप्पांच्या गाडीचा वर होता.

दुसरी गोष्ट, टाकी गाडीवरून उतरवून घ्यायची, पेट्रोल काढायचं, कॉक काढायचा. आणि इथे लोक एक समजतात ते अगदी उलट आहे, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. मोबाईलवर व्हिडिओ बघून हीट गन मारायची नाही, मेणबत्ती-लायटर तर लांबच ठेवा, आणि हेअर ड्रायरही नको, टाकी पाण्याने धुतली तरी आत वाफ राहू शकते. मी गरम पाण्यात पंचा बुडवून, पिळून, स्टिकरवर धरला. थंड झाला की परत बुडवायचा. वेळ लागतो पण रंगाला काही होत नाही. एप्रिल-मेचं दुपारचं ऊन असेल तर अर्धं काम तेच करतं. व्हिनाइल नरम पडलं की कोपऱ्यातून उचलायचं आणि वर नाही ओढायचं, मागे दुमडून, टाकीला जवळजवळ चिकटून, सावकाश ओढायचं. जुना स्टिकर अखंड येतच नाही. नखाएवढे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्याला परत पंचा. मोनोग्राम डबल टेपने चिकटवलेलं असेल तर मागून मासे पकडायचा नायलॉनचा दोरा करवतीसारखा सरकवत न्यायचा, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, पत्र्याला पोचा पडतो आणि तो लांबी (पुट्टी) भरल्याशिवाय जात नाही.

चिकट राहतो त्याला खोबरेल तेल. खरंच. लावायचं, बऱ्याच वेळाने बोटाने गोल गोल चोळायचं, गोळ्या होऊन निघतं. पूर्वी रॉकेल वापरायचे आणि ते चालायचं पण, आता रॉकेल मिळतंय कुठे. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर मात्र हातात घ्यायचंच नाही, चिकट जाईल आणि बरोबर रंगही जाईल. शेवटी शाम्पूच्या पाण्याने धुवायचं म्हणजे तेल राहत नाही.

हे करताना एक गोष्ट दिसली जी गाडीवर बसून कधी दिसली नसती. व्हिनाइल वर्षानुवर्षं उन्हात आकसतं, आणि ते आकसलं की त्याच्या कडेने गोंदाची बारीक रेघ उघडी पडते. त्या रेघेवर जे काय उडेल ते चिकटतं. उजव्या बाजूच्या अक्षरांभोवती ती रेघ होती, धाग्याएवढी, आणि मी समजत होतो ती मातीची असेल, काळपट. पंचा फिरवला तर पंचा लाल झाला. कुंकू होतं ते. दर दसऱ्याला आप्पा गाडी धुतात, झेंडूचा हार हँडलला, आणि आई टाकीवर हळदी-कुंकवाची बोटं ओढायची, नारळ चाकाजवळ. दुसऱ्या दिवशी टाकी पुसून काढायचे पण कडेचं पुसलं जायचं नाही. ते तसंच साठत गेलं. उजवीकडे 'होंडा'च्या पहिल्या अक्षराच्या आतल्या कोपऱ्यात तर हळदीचा पिवळा कण आणि वर कुंकू, असे थर दिसत होते, भिंग लावून बघावे असे. मी त्या भागाचे फोटो काढून ठेवले आणि मगच पुढचं काढलं.

स्टिकर गेला आणि खाली नाव परत दिसलं. हे सगळ्याच जुन्या टाक्यांवर होतं, कारण आजूबाजूच्या रंगाने ऊन खाल्लेलं असतं, तो फिका आणि कोरडा झालेला, आणि स्टिकरखालचा रंग शोरूममधून आला तेव्हाचा. आप्पांच्या टाकीवर करड्या काळ्यात गडद काळं हिरो होंडा, कड एकदम स्वच्छ. पेंटर म्हणाला कंपाऊंडचे, म्हणजे रंग घासायच्या पेस्टचे, दोन हात मारले की जाईल. जातं पण, कारण कंपाऊंड वरचा मेलेला थर काढतं आणि आजूबाजूचा रंगही खालच्यासारखा गडद होतो. फक्त टाकीच्या धारेवर रंग मुळातच पातळ असतो, तिथे जोर दिला की प्रायमर दिसायला लागतो, म्हणून धारेला चिकटपट्टी लावून घ्यायची.

टाकी तशीच अंगणात बाजेवर वाळत होती तेव्हा आप्पा आले, बघितलं, चष्मा काढून परत बघितलं आणि म्हणाले, "नाव लाव की बाबा त्याच्यावर. बिननावाची गाडी चोरीची वाटती."

मी म्हटलं, "लावतोय आप्पा, तुमच्या वेळचंच लावायचंय, ते शोधतोय."

"माझ्या वेळचं म्हंजे? गाडी माझीच हाय की अजून."

मला ते एकदम लागलं. मी तोपर्यंत सगळा वेळ १९९८ चा विचार करत होतो, वस्तुसंग्रहालयात ठेवायची असल्यासारखा, आणि ह्या माणसाला उद्या सकाळी त्याच गाडीवरून डेअरीला जायचं होतं. पण नीट बघितलं तर आमच्या दोघांचं म्हणणं एकच होतं. त्यांना ती त्यांची गाडी दिसायला पाहिजे होती. पारावर बसलेल्या लोकांना लांबून सर आले हे कळायला पाहिजे. त्यासाठी पट्टे तेच पाहिजेत.

ते मिळवणं सोपं नाही. पुण्यात नाना पेठेत जुन्या गाड्यांचं काय काय मिळतं, तिथे मी बरीच दुकानं फिरलो. एका दुकानदाराने सांगितलं त्या सालचा कंपनीचा स्टिकर आता ओल्ड स्टॉकमध्ये कुणाकडे निघाला तर निघाला, एरवी नाही. नकली सेट मिळतात. लांबून बघितलं तर बरोबर वाटतात, पण शेजारी उजव्या बाजूचा फोटो धरला की कळतं, अक्षरं जाड आहेत, दोन शब्दांमधली जागा कमी, पट्ट्याचं टोक जिथे निमुळतं व्हायला पाहिजे तिथे कापल्यासारखं. मग रेडियमवाल्याकडे गेलो. आपल्याकडे स्टिकरचं सगळं काम करणारा तो रेडियमवालाच, नंबर प्लेटपासून जेसीबीवर मालकाच्या पोराचं नाव टाकण्यापर्यंत. उजव्या बाजूचा स्टिकर काढायच्या आधी मी त्यावर बटर पेपर ठेवून पेन्सिलीने पूर्ण छाप घेतला होता आणि टाकीच्या खालच्या शिवणीपासून आणि पुढच्या टोकापासून मापं लिहून ठेवली होती, हे आधी केलंच पाहिजे, एकदा स्टिकर निघाला की कुणालाच आठवत नाही तो कुठे होता. फोटो काढताना शेजारी पट्टी धरायची म्हणजे माप कळतं.

रेडियमवाल्याकडचा पोरगा वीस-बावीसचा असेल. त्याने छाप स्कॅन केला आणि अक्षराची एकेक वळणं माऊसने ओढत बसला. एका वळणावर थांबून म्हणाला, सर, हे इथे कंपनीनेच थोडं वाकडं केलंय, सरळ करू का. मी म्हटलं नको, वाकडंच ठेव. त्याने मान हलवली आणि ठेवलं, आणि मग त्यालाही गोडी लागली, रंगाचे नमुने काढून उन्हात नेऊन फोटोशेजारी धरून बघायला लागला. हे काम त्याला पैशाच्या मानाने फार परवडणारं नव्हतं. टाकी गोल आणि स्टिकर सपाट, त्यामुळे लांब पट्ट्याला सुरकुती पडते, त्यासाठी कुठे चीर द्यायची हे त्याने एक साधा कागद टाकीवर ठेवून आधी बघितलं.

लावताना साबणाचं पाणी फवारून लावायचं, म्हणजे स्टिकर सरकवता येतो, आणि मधून कडेकडे जुन्या एटीएम कार्डाला मऊ कापड गुंडाळून पाणी बाहेर काढत जायचं. वरून टू-के लॅकर मारलं, हार्डनर घालून, कारण साधं लॅकर पेट्रोलला टिकत नाही, एक ओघळ आला की सुरकुततं, आणि मुळात स्टिकर गेला होता तो पेट्रोलनेच. त्यासाठी झाकणाचा रबरपण बदलला. वीस-तीस रुपयांची वस्तू आहे ती, ती वेळेवर बदलली असती तर मूळचा स्टिकर बहुतेक अजून असता, म्हणून ज्यांचा शाबूत आहे त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की आजच झाकण उघडून रबर बघा, आणि टाकी गळ्यापर्यंत भरू नका. रेक्झिनचं टाकी कव्हर घालायचं तर पावसाळ्यात काढून ठेवा, आत पाणी आणि माती साठते आणि चालताना ती रंगावर घासत राहते.

लॅकर मारायच्या आधी एक प्रश्न आला होता. टाकीवर झाकणाच्या पुढे आईने लावलेला विठोबाचा छोटा रेडियम आहे. पंढरपूरला वारीला गेली होती तेव्हा आणलेला. आता आई नाही. विठोबाचा मुकुट आणि कमरेवरचे हात राहिलेत, चेहरा जवळपास गेलाय. पेंटर म्हणाला हापण काढून नवीन लावू, पंढरपुरात तसाच मिळतो. आप्पा तिथेच होते, काही बोलले नाहीत, पण मी त्यांच्याकडे बघितलं आणि नाही म्हणालो. त्या दोन स्टिकरमध्ये फरक आहे. हिरो होंडाचा स्टिकर कारखान्यात एकासारखे एक असे निघाले, त्यातला हा गेला तर मापाने तसाच दुसरा करता येतो आणि तो खोटा होत नाही. आईने लावलेला तिरका लागलाय, तिने तो बोटाने दाबलाय, त्याचा तसाच दुसरा होत नाही. त्याच्या कडेने कागद कापून, झाकून, मग बाकी टाकीला लॅकर मारलं. त्याची जी कड आहे तिच्यात कुंकू आहे ते पण तसंच आहे.

गाडी जोडून झाली, आप्पा डेअरीला जाऊन आले, पारावर कुणीतरी विचारलं सर नवीन घेतली का, आणि आप्पांनी सांगितलं जुनीच आहे, नाव परत लावलंय.

बटर पेपरचा छाप मी जपून ठेवलाय आणि तो आता दुसऱ्यांच्या कामाला येतोय. माझ्या बँकेतल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांची साधारण त्याच सालची स्प्लेंडर आहे, लातूरकडची, तिच्या एका बाजूचा स्टिकर शाबूत आहे. आम्ही दोन्ही छाप एकमेकांवर ठेवून बघितले. अक्षरं तंतोतंत जुळली, पण शिवणीपासूनचं माप जुळेना, त्यांच्या गाडीवर नाव दोन-तीन मिलीमीटर खाली आणि किंचित पुढे झुकलेलं. आधी वाटलं माप चुकलं, परत घेतलं, तेच. कारखान्यात हे स्टिकर माणसंच लावतात, हाताने, साबणाचं पाणी मारून, एकामागून एक टाकी समोर येत असताना, आणि तेव्हाही तसंच असणार. म्हणजे ह्या टाकीसमोर एक हात होता आणि त्या टाकीसमोर दुसरा, नाहीतर तोच हात दिवस संपताना थोडा दमलेला. सहकाऱ्याने विचारलं, मग लावताना कुठलं माप धरायचं, तुमचं का आमचं. त्याच्या टाकीवर त्याचंच धरायचं असं ठरलं, शाबूत बाजूला जसं झुकलंय तसंच दुसऱ्या बाजूला. रेडियमवाल्या पोराला मी तसं फोनवर सांगितलंय, पुढच्या रविवारी टाकी घेऊन जायचंय.